पळण्याचा पुरावा

एका जंगलात एक शाळा होती. दचकू नका मुलांनो, खरंच होती, आणि तिथे शिकवायचेसुद्धा. तुम्हांला सवय नाही म्हणून नवल वाटेल, पण पूर्वी असं काही ठिकाणी चालायचं.

शाळा माळावर भरायची. शिक्षिका एकच, टिटवीबाई. सशांची, भेकरांची, सांबरांची पोरं त्यांच्याकडे यायची. विषयही एकच होता, पळणं. कारण त्या जंगलात एक बिबट्या होता. तो अधूनमधून माळावर यायचा, आणि कोवळी पोरं त्याला फार आवडायची.

बाईंची शिकवण्याची रीत अगदी साधी होती. त्या दिवसभर मातीच्या ढिगावर उभ्या राहून गवताकडे बघत राहायच्या. मधेच केव्हातरी जोरात ओरडायच्या. बाई ओरडल्या की तोंडातला घास टाकून पळत सुटायचं. का पळालो, कशासाठी पळालो, हे नंतर विचारायचं. जो मागे राहील त्याला दुसऱ्या दिवशी जास्तीचं पळावं लागे. कधी बिबट्या खरोखर असायचा, कधी नसायचा. पोरांना त्यातला फरक कळायचा नाही, आणि तो कळण्याची गरजही नव्हती. संध्याकाळी सगळी पोरं आपापल्या आईपाशी पोचायची. पालक तेवढ्यावर खूश होते.

अशी अडाणी शाळा कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही?

जंगलाचे शिक्षणाधिकारी होते मोरसाहेब. पिसारा फुलवल्याशिवाय त्यांना बोलता यायचं नाही, आणि एकदा फुलवला की थांबता यायचं नाही. ते शेजारच्या जंगलात आठ दिवसांचा अभ्यासदौरा करून आले. तिथली पोरं घाबरत नव्हती, मागे राहत नव्हती, सगळी मजेत बागडत होती. साहेब भारावून गेले. त्या जंगलात बिबट्याच नाही, एवढी एक गोष्ट त्यांच्या अहवालात लिहायची राहून गेली.

महिन्याभरात नवं धोरण आलं. टिटवीबाईंना साहेबांच्या वडाखालच्या कचेरीत यायचं बोलावणं धाडलं.

"भीती घालून पळवणं ही जुनाट पद्धत झाली," मोरसाहेब म्हणाले. "यापुढे आनंददायी पळणं. आणि पळण्याचं सातत्यपूर्ण मूल्यमापन."

"म्हणजे नेमकं काय करायचं, साहेब?"

"प्रत्येक पळण्याचा पुरावा ठेवायचा. आधी पोरानं चिखलात पाय बुडवायचा. पळसाच्या पानावर ठसा उमटवायचा. पान तुमच्याकडे आणायचं, तुम्ही चोचीनं टोचून सही करायची. मग पळायचं. पान फाइलला लागलं की पळणं झालं."

"पण साहेब, एवढं करत बसलं तर पोर पळणार कधी?"

"बाई, तुमचा दृष्टिकोन फार नकारात्मक आहे. प्रशिक्षणाला तुमचं नाव घातलंय."

टिटवीबाई गप्प बसल्या. त्यांच्या घरट्यात चार अंडी होती, आणि बदल्या मोरसाहेब करायचे. तुम्ही असता तर तुम्हीही गप्पच बसला असता, उगाच छाती फुगवू नका.

प्रशिक्षण तीन दिवस चाललं. पळण्याचं प्रशिक्षण द्यायला कासव आलं होतं. पहिला दिवस त्याची वाट बघण्यात गेला.

आता तुम्हांला कोल्ह्याची ओळख करून देतो. वडापलीकडे त्याचं शालेय साहित्याचं दुकान होतं. आदल्या वर्षी तो 'अचूक पळा' नावाचं गाइड विकायचा. त्यात बिबट्या हमखास ज्यांच्यामागे असतो अशा झुडपांची यादी होती. बिबट्यानं ती यादी वाचली नव्हती, पण गाइड खपलं. नवं धोरण सकाळी जाहीर झालं आणि दुपारी कोल्ह्याच्या दुकानात 'आनंदी पाऊल' नावाच्या कृतिपुस्तिकांचे गठ्ठे आले. एवढ्या लवकर कसे आले, हे विचारू नका. धोरण ठरवणाऱ्या समितीत कोल्हा होताच. मी एक पुस्तिका उघडून पाहिली. आतली पानं जुन्या गाइडाचीच होती, फक्त 'घाबरा' होतं तिथे 'आनंद घ्या' केलेलं होतं.

कोल्हा चिखलसुद्धा विकायचा. शाळेशेजारी तळं होतं आणि तळ्याकाठी हवा तेवढा चिखल होता. पण तो मान्यताप्राप्त नव्हता. मान्यताप्राप्त चिखल करवंट्यांत भरून कोल्ह्याकडेच मिळायचा. तो तरी कुठून आणायचा? त्याच तळ्यातून.

आणि सगळ्यांत जास्त खपायचं ते 'तयार शेरे'. प्रत्येक पोराविषयी दर आठवड्याला काहीतरी लिहायचं म्हटलं तर बाईंचं डोकं चालेना. कोल्ह्याच्या पुस्तकात सगळे शेरे क्रमांक घालून दिलेले होते. 'पळताना शेपटीचा योग्य वापर करतो.' 'गटात पळायला आवडते.' कुठलाही उचलायचा आणि कुठल्याही पोरापुढे लिहायचा. बाई आधी लाजल्या, मग लिहू लागल्या.

तरीही टिटवीबाई हाडाच्या शिक्षिका होत्या. सगळी गोची तिथेच झाली. एखादी कामचुकार बाई असती तर तिनं ठसे घरी बसून आपल्याच पायांनी उमटवले असते आणि पोरं तशीच पळत राहिली असती. टिटवीबाईंनी मात्र नवी पद्धत मन लावून शिकवली. ओरडल्या की पोरांनी चिखलाकडे जायचं, ठसा घ्यायचा, ओळीत उभं राहायचं. चुकलं की पुन्हा. महिन्याभरात पोरं तरबेज झाली.

वर्गात हरळी नावाचं भेकराचं पाडस होतं. पूर्वी ती सगळ्यांच्या पुढे पळायची. आता तिचा ठसा सगळ्यांत स्वच्छ यायचा. दोन्ही खूर सुबक, कडेला चिखलाचा एक थेंब नाही. मोरसाहेबांनी तिचं पान वडाला टांगून सगळ्या शाळांना दाखवलं. तिच्या आईला काय तो आनंद! ती येताजाता वडाखाली थांबायची.

आणि कुरणू नावाचा एक ससा होता. त्याचं पान नेहमी हरवलेलं असायचं. बाई ओरडल्या की हा आपला जुन्या सवयीनं पळून जायचा. त्याला 'क' श्रेणी मिळाली आणि त्याच्या बापाला शाळेत बोलावून घेतलं.

एके दिवशी दुपारी टिटवीबाई ढिगावर नव्हत्या. ढिगाखाली बसून मान खाली घालून पानं टोचत होत्या. तपासणी जवळ आली होती आणि तीन आठवड्यांच्या पानांवर तपासणीसाठीची दुसरी सही राहिली होती. गवत हललं ते त्यांना दिसलं नाही. मान वर केली तेव्हा बिबट्या चाळीस पावलांवर आला होता.

बाई ओरडल्या. जन्मात ओरडल्या नव्हत्या इतक्या जोरानं ओरडल्या.

कुरणू पळाला. त्याच्यामागून आणखी दोघं-तिघं ढ पोरं पळाली. हुशार पोरं करवंट्यांकडे गेली. तिथे चिखल उडाला, ढकलाढकली झाली, आणि त्या गोंधळात बरीचशी पोरं घाबरून पळाली म्हणून वाचली. हरळी घाबरली नाही. तिनं नीट पाय बुडवला, नीट ठसा उमटवला, पान तोंडात धरलं आणि बाईंपाशी आली.

"पळ!" बाई किंचाळल्या. "हरळे, पळ गं!"

हरळीनं पान त्यांच्यापुढे ठेवलं.

"बाई, सही राहिली."

पुढचं मी सांगत नाही. बिबट्यानं नव्या धोरणाचं स्वागत केलं एवढंच सांगतो.

दुसऱ्या दिवशी चौकशीला मोरसाहेब आले. त्यांनी सगळी फाइल चाळली आणि शेवटच्या पानाशी थांबले.

"या पानावर तुमची सही नाही. हे पळणं धरता येणार नाही."

"साहेब, ती पळालीच नाही. तिला बिबट्यानं नेलं."

"ते शाळाबाह्य कारण आहे. आणि हे काय, हजेरीत तुम्ही 'मेली' लिहिलंय? असा रकाना आहे का कुठे?"

"मग काय लिहू?"

"उपस्थित किंवा गैरहजर. शिकलेल्या आहात ना तुम्ही?"

मला या मोराचा संताप येतो मुलांनो, पण तुम्हांला खरं सांगायचं तर टिटवीबाईंचाही येतो. त्यांनी 'मेली' खोडलं. 'गैरहजर' लिहिलं. आणि त्या दिवसापासून रोज लिहीत गेल्या, कारण नाव कमी करायचं तर शाळा सोडल्याचा दाखला पालकांनी मागावा लागतो, आणि तसा अर्ज काही आला नव्हता.

वर्षाअखेर निकाल लागला. शाळेच्या सगळ्या फाइली पूर्ण निघाल्या. शाळेला आदर्श शाळेचा मान मिळाला. कोल्ह्यानं 'बिबट्या : एक आनंददायी अनुभव' ही पुरवणी काढली आणि तीही सक्तीची झाली.

निकालाच्या दिवशी सगळ्यांत शेवटी हरळीची आई आली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. प्रत्येक पालकाला प्रगतिपुस्तक द्यायचंच असा आदेश होता, म्हणून त्यांनी ते पुढे सरकवलं.

"मला कुठं वाचाया येतंय बाई," भेकरी म्हणाली. "तुमीच वाचा की. काय लिवलंय माज्या पोरीचं?"

टिटवीबाईंनी ते उघडलं. निकाल लिहायच्या दिवशी त्यांनी कोल्ह्याचं पुस्तक समोर ठेवून पन्नास पोरांचे शेरे एका बैठकीत उतरवून काढले होते. कुणापुढे काय लिहिलं ते त्यांनी पाहिलं नव्हतं. आता त्यांना वाचावं लागलं.

"पळणं, अ श्रेणी. ठसे, अ श्रेणी." त्यांनी पान उलटलं. "शेरा... हुशार विद्यार्थिनी. उपस्थिती कमी. पालकांनी लक्ष द्यावे."

भेकरी रडली नाही, भांडलीही नाही.

"लक्ष द्याया तर तिला तुमच्याच हवाली करून जात हुते की हो, बाई, रोज सकाळी," ती म्हणाली, आणि प्रगतिपुस्तक तिथेच ठेवून निघून गेली.

तात्पर्य : ज्या शाळेच्या फाइली पूर्ण असतात, तिथलं मूल कधी मरत नाही. फार तर गैरहजर राहतं, आणि त्याला जबाबदार त्याची आई असते.