बबनभाऊचा डबा

२०२३ साली मी सदुसष्ट वर्षांचा होतो आणि चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होतो. शाळा चौथीपर्यंत. मुलगा म्हणायचा, "आबा, आता घरी बसा." मी बसलो नाही. चहालासुद्धा मुलाकडं पैसे मागणं मला जमत नाही.

बबनभाऊला मी पहिल्यांदा नीट बघितला तो सुट्टीच्या दिवशी. कंपनी बंद, गेटला कुलूप. हा गडी संत तुकाराम नगरातनं बस बदलत बदलत आला, अंगात कंपनीचा निळा शर्ट. लिंबाखाली बसला, डबा उघडला, जेवला, नळावर डबा विसळला आणि आला तसा परत गेला.

पुढच्या सुट्टीला पुन्हा तेच. मी विचारलं, "काय राव, कंपनी बंद हाय, कशाला आलात?"

"डबा खायला."

"घरी खाता येत न्हाई?"

"घरी ओव्हरटाइम सांगितलाय."

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. आणि म्हातारा म्हणजे माझ्याच वयाचा.

आत तो ठेकेदाराकडनं झाडलोट करायचा. पहिली पाळी सोडून दुसरी घ्यायचा नाही. कँटीनचं जेवण फुकट, तरी त्या ताटाला शिवायचा नाही. डबा संपला की गेटजवळ येऊन घरी सुनेला फोन लावायचा. "ही आमटी हाय का आंघोळीचं पाणी? आणि ते वांगं? बैलानं पण थुकलं असतं." तिकडनं चढा आवाज यायचा. हा फोन कानापासनं लांब धरायचा आणि हसायचा.

एकदा पाळी सुटल्यावर बसची वाट बघताना पोरांचं चाललं होतं, कोण कशासाठी कामाला येतं. एकानं पोराला ताथवड्याच्या कॉलेजात घातलेलं. दुसरा म्हणाला, "घरी सासू आलीय. ती जाईस्तोवर मी डबल ड्यूटी." मी म्हणालो, "मला कुणापुढं हात पसरायचा न्हाई." बबनभाऊ म्हणाला, "मी सुनंला राबवायला येतो."

पोरं हसली. मला हसू आलं नाही. मी तोंडावर म्हणालो, "भाऊ, दुसऱ्याच्या लेकीला असं बोलू नये."

"बोलावं लागतं," एवढंच म्हणाला. त्या दिवसापासनं मी त्याला रामराम घालायचं बंद केलं.

दिवाळीनंतर त्याच्या ठेकेदारानं साठीच्या पुढची माणसं काढली. माझा ठेकेदार वेगळा, मी राहिलो. आठवडाभरानं बबनभाऊ गेटवर आला. अंगात साधा सदरा, हात रिकामे. म्हणाला, "आबा, आत निरोप दे. फुकट झाडतो म्हणावं. पण पहिली पाळी द्या."

आतनं नकार आला. मी त्याला केबिनमध्ये बसवला, पाणी दिलं. तेव्हा तो बोलला.

त्याचा मुलगा कामावर जाताना हायवेला अपघातात गेला. सून माहेरी गेली नाही, सासऱ्याजवळच राहिली, पण अंथरूण सोडेना. भूक न्हाई म्हणायची, स्वतः खायची नाही, रांधायची नाही. यानं केलेलं ताटात तसंच राहायचं. मग एक दिवस हा इथं कामाला लागला आणि तिला म्हणाला, पहाटेची बस हाय, मला डबा लागंल.

"उठली, आबा. नवऱ्याच्या डब्याला उठायची तशी उठली. माझा डबा भरला आन् उरलेली पोळी उभ्यानंच खाल्ली. मग मी नावं ठिवाया लागलो. नावं ठिवली की चिडती. चिडली की मंडईत जाती, चांगलं वांगं बघून आणती."

"मग सांग की तिला, दुसरीकडं काम लागलं."

"ठेकेदाराचा फोन तिनंच उचलला. तवापासनं पडून हाय. आता दुसरं काम लागलं म्हणलं तरी खोटं मानती."

गेटवर ट्रक आला म्हणून मी उठलो, कागद बघितले, ट्रक आत सोडला. परत येऊन विचारलं, "घर कुठल्या गल्लीत म्हणालास?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अंधारातच मी त्याचं दार वाजवलं. बऱ्याच वेळानं सुनेनं उघडलं. केस पिंजारलेले, डोळे सुजलेले. मी माझा रिकामा डबा पुढं धरला.

"पोरी, मी गेटवरचा आबा. बस यायला थोडा वेळ हाय. डबा भरून दे."