बोलियोचं पथ्य

मेलेल्या कुत्र्याला पथ्याचंच खायला घालायचं, हे अमादोनं ठरवलं तेव्हा तो पूर्ण शुद्धीवर होता. (हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे गल्लीत याविषयी बरीच उलटसुलट चर्चा झाली.)

ऑक्टोबर संपत आला होता. मेक्सिकोतल्या आत्लिस्को गावाभोवतीची शेतं झेंडूनं पेटली होती. घरोघरी मृतांच्या स्वागताची तयारी चालली होती आणि अमादोच्या वडिलांच्या, म्हणजे सेवेरोच्या बेकरीत भट्टीला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. या दिवसांत सगळ्यांना मृतांचा पाव लागतो. त्याला संत्र्याच्या सालीचा वास असतो, वर साखर असते आणि साखरेखाली पिठाचीच वळलेली हाडं असतात.

माणसांच्या आधी जनावरं येतात. मोठी माणसं नोव्हेंबरात येतात, त्यांच्या आधी लहान मुलं, आणि सगळ्यांच्या आधी, सत्तावीस तारखेच्या संध्याकाळी, घरातली गेलेली कुत्री-मांजरं. यंदा बोलियोचं पहिलंच वर्ष होतं.

बोलियो म्हणजे खरं तर रोजच्या खाण्यातला लांबट पाव. पिल्लू असताना कुत्रा तसाच दिसायचा, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता, म्हणून सेवेरोनं त्याला ते नाव दिलं. पुढे टोकं दिसेनाशी झाली आणि नुसता फुगीर भाग राहिला. शेपूट हलवायची म्हटलं की अख्खा कुत्रा हलायचा.

याला घरचे जबाबदार, असं अमादोचं शास्त्रीय मत होतं. अमादो हॉलंडला जाऊन पशुआहार शिकून आला होता. येताना त्यानं पदवी आणली, ग्रॅमचाही दशांश दाखवणारा वजनकाटा आणला, आणि मतं एवढी आणली की विमानवाल्यांनी ती तोलली असती तर जास्तीचं भाडं पडलं असतं. बोलियो गेला तेव्हा अमादोची परीक्षा चालू होती. आईनं व्हिडिओ कॉल लावून फोन कुत्र्यापुढे धरला, बोलियोनं पडदा चाटला, आणि तिकडे हॉलंडात अमादोला फक्त एक गुलाबी धुकं दिसलं. त्याबद्दल तो कधी कुणाशी बोलला नाही. बोलायचा तो साखरेबद्दल.

"यंदा बोलियोचा नैवेद्य मी करणार," त्यानं एका सकाळी न्याहारीलाच जाहीर केलं. "ओट्स, लाल भोपळा, गाजर आणि जवसाची पूड. मीठ नाही, साखर नाही, लोणी नाही."

त्याची आई ओतिलिया कॉफी ओतता ओतता थांबली. "कुणासाठी म्हणालास?"

"बोलियोसाठी."

"बोलियो मेलाय, बाळा."

"माहितीय मला."

"मग आता त्याला काय व्हायचं राहिलंय? मधुमेह?"

"आई, प्रश्न तत्त्वाचा आहे."

"तत्त्व त्याला कधी आवडलं नाही. त्याला तामाल आवडायचा." ओतिलियानं किटली टेबलावर आपटली. "वर्षातून एकदा येणार ते लेकरू, एवढ्या लांबून, चालत. आणि तू त्याच्यापुढे भोपळा ठेवणार? मी मोलेचा मिरचीवाला रस्सा घालून, मक्याच्या पानात गुंडाळून तामाल उकडणार, पाव ठेवणार, वर डुकराच्या मांसाचा कुरकुरीत तुकडा ठेवणार. मग बघू तो कुणाकडे जातो."

"मोलेत चॉकलेट असतं! चॉकलेटनं कुत्रा मरतो!"

"मेला ना? मग आता खाऊ दे की बिनधास्त."

"तुमच्या लाडांनीच गेला तो."

हे फार झालं. ओतिलियानं कमरेवर हात ठेवले. "चौदा वर्षं जगला तो माझ्या हातचं खाऊन. तुझ्या हॉलंडची कुत्री किती जगतात रे?"

अमादोला आकडा ठाऊक होता. तो सांगण्यासारखा नव्हता.

"भट्टी मिळणार नाही," कोपऱ्यातून सेवेरो म्हणाला. "लोक मृतांच्या पावासाठी रांगा लावतायत आणि मी कुत्र्याची बिस्किटं भाजू? माझ्या बापाला काय तोंड दाखवू? तोही येतोय पुढच्या आठवड्यात."

पण अमादो हटणाऱ्यातला नव्हता. दुपारी भट्टी निवायला लागली की तो आत घुसायचा. हॉलंडहून आणलेला हाडाच्या आकाराचा साचा, डोक्याला फडकं, चेहऱ्यावर क्रांतिकारकाचा भाव. पहिल्या खेपेतलं एक बिस्कीट सेवेरोनं टेबलाच्या कडेवर आपटून बघितलं. टेबलाचा टवका उडाला. दुसरी खेप दातांनी फुटली, म्हणून तिला यश म्हणायचं ठरलं. अमादोनं स्वतः एक चावून पाहिलं. पोषक होतं. (त्याहून जास्त काही म्हणायला जागा नव्हती.)

सत्तावीस तारखेला कोपऱ्यातल्या टेबलाची बरोबर मधून वाटणी झाली. मध्ये बोलियोचा फोटो, पाण्याचा वाडगा, गळ्यातला जुना पट्टा आणि मेणबत्ती. डावीकडे ओतिलियाचा वाफाळता संसार. उजवीकडे पांढऱ्या बशीत अमादोची हाडं, एका रांगेत, कवायतीला उभी असल्यासारखी. झेंडूच्या पाकळ्यांची वाट दारापासून टेबलापर्यंत आली आणि शेवटच्या वितीत तिला दोन फाटे फुटले.

"पण त्यानं कुणाचं खाल्लं, हे कळणार कसं?" अमादोनं विचारलं. "मला पुरावा लागेल."

"चार वर्षांत हेही विसरलास?" ओतिलिया म्हणाली. "मेलेले काय लचके तोडतात? ते वास घेतात, रस घेतात, चव घेऊन जातात. मागे राहतं ते फिकं असतं. उद्या सकाळी चाखून बघायचं. ज्याची चव गेली, ते त्यानं खाल्लं."

"ठीक आहे. पण चाखणारा माणूस तटस्थ हवा."

"कासियानोबाबा चाखतील. गल्लीतले सगळे नैवेद्य तेच चाखतात."

"मंजूर!" अमादो म्हणाला, आणि आईशी हात मिळवला. प्रयोग म्हणजे प्रयोग.

या सगळ्यावर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. तरी झोपायला जाताना त्यानं आपल्या बाजूच्या फाट्यावर मूठभर पाकळ्या जास्तीच्या टाकल्या. यायचाच असेल, तर आपल्याकडे यावा. एवढंच.

सकाळी नैवेद्य उचलायला आणि वाटून खायला शेजारीपाजारी जमले. सर्वात पुढे टोपी घालून कासियानोबाबा, आणि त्यांच्या मागे तोमासाकाकू. काकूंनी आपली कुत्री, चाता, दाराबाहेर बांधली होती. कासियानोबाबांनी आधी तामालाचं पान सोडलं, एक घास घेतला आणि सावकाश चावला.

"मीठ आहे," ते म्हणाले. "मिरची आहे. मोले जागच्या जागी आहे."

ओतिलियाचा चेहरा उतरला. "जराही नाही नेलं?"

"कणभरही नाही. काय सांगू, ओतिलिया, फार सुरेख झालाय गं."

तिच्या स्वयंपाकाची एवढी स्तुती आजवर कुणी केली नव्हती, आणि ती थोबाडीत खाल्ल्यासारखी खाली बसली.

मग बाबांनी हाडाच्या बिस्किटाला हात घातला. (हाडाच्या आकाराचं कुणालाच काही वाटलं नाही. इथं नैवेद्यात हाडं नसतील तर लोक विचारतात.) त्यांनी ते मक्याच्या गरम पेजेत बुडवलं, तोंडात घातलं, चावलं. चावायचे थांबले. डोळे मिटले. दुसरं घेतलं. मग हळूच टोपी काढली.

"काहीच नाही."

"काहीच?" तोमासाकाकू पुढे सरसावल्या.

"साठ वर्षं नैवेद्य चाखतोय मी. माझ्या बापानं चव नेली, बायकोनं नेली. पण मागे थोडी तरी उरतेच. हे म्हणजे शेवटच्या कणापर्यंत नेलंय. भुकेला होता हो बिचारा!"

तोमासाकाकूंनी एक तुकडा जिभेवर ठेवला आणि छातीवर क्रूस काढला. "देवा रे! पुठ्ठ्यालासुद्धा याच्याहून चव असते!"

ओतिलिया उठली, अमादोजवळ आली आणि तिनं त्याला घट्ट धरलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हरले मी. तुझ्याकडेच आला, बाळा. माझा तामाल सोडून तुझ्याकडे आला."

इथं कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. आई रडतेय, पैज जिंकलीय, कुत्रा आपल्याकडे आलाय. आणखी काय हवं? पण अमादो हॉलंडला जाऊन आला होता.

"थांबा!" तो ओरडला. "त्यात चव नव्हतीच!"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"मी मीठ घातलं नव्हतं, साखर घातली नव्हती. काल ताजं असतानाही ते अस्संच लागत होतं! मी स्वतः खाल्लंय!"

कासियानोबाबा ओतिलियाकडे वळले. "परदेशी जाऊन पोरगा नम्र झाला हो तुझा."

"नम्रता नाही, सत्य आहे!"

"अरे, बेकरीवाल्याचा मुलगा ना तू?" तोमासाकाकू म्हणाल्या. "जाणूनबुजून बिनचवीचं कोण भाजेल?"

अमादोनं वडिलांकडे आशेनं पाहिलं. सेवेरोनं हाताचं पीठ झटकलं. प्रश्न तीन पिढ्यांच्या अब्रूचा होता.

"माझ्या भट्टीतून बेचव काही निघत नाही," तो म्हणाला. "चव होती. कुत्र्यानं नेली."

"असं? मग सगळ्यांसमोर सिद्ध करतो!"

सगळी वरात बेकरीत गेली. अमादोनं वजनकाटा लावला, पीठ मळलं, प्रत्येक जिन्नस उंच धरून दाखवला, हाडं पाडली, भट्टीत सारली. बाहेर काढली ती वाफ निघत असतानाच कासियानोबाबांपुढे धरली. "आता बोला! याला तर कुणी शिवलेलंही नाही!"

बाबांनी फुंकर मारून खाल्लं. बराच वेळ चघळलं.

"गेली," ते म्हणाले.

"काय गेली?"

"चव. भट्टीतच नेली."

सगळ्यांच्या माना एकदम भट्टीकडे वळल्या. तोमासाकाकूंचा आवाज खाली आला. "म्हणजे तो परत गेलाच नाही. अजून इथंच आहे."

"थंडीत तिथंच तर झोपायचा," ओतिलिया म्हणाली, आणि धावत जाऊन पाण्याचा वाडगा घेऊन आली. तो तिनं भट्टीच्या डाव्या अंगाला, पूर्वीच्याच जागी ठेवला.

"आई, त्या भट्टीत फक्त उष्णता आहे!"

"हळू बोल. झोपला असेल."

पुराव्याचा मागमूस नव्हता. तरी पुढचा ट्रे काढायला जाताना अमादोनं त्या बाजूला पाय जरा जपूनच टाकला.

दुपारपर्यंत बातमी चौकापार गेली. सेवेरोच्या मुलानं अशी हाडं काढलीयत की मृत ती पार संपवून जातात! बेकरीपुढची रांग कोपऱ्यावरून वळली. एक बाई म्हणाली, "आमच्या ह्यांनी जिवंतपणी कधी माझं ताट संपवलं नाही. मेल्यावरही दरवर्षी सगळी चव तशीच ठेवून जातात. मला खूप द्या." दुसरीला सासूसाठी हवी होती, पण तिला विचारायचं होतं की एवढं पोटभर खाल्ल्यावर सासू परत जाईल ना.

"पोरा, आणखी चार ट्रे भर," सेवेरो म्हणाला. आपला पाव त्यानं स्वतःच्या हातानं बाजूला सरकवला होता.

"बाबा, तुम्ही पण? मी जिवंत कुत्र्यांचं आरोग्य सुधारायला परत आलोय!"

"ते सुधार सावकाश. आधी गेलेल्यांचं बघ."

अमादोचा संयम सुटला. त्यानं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'ही बिस्किटं जिवंत कुत्र्यांसाठी आहेत', आणि तो पुठ्ठा दारावर ठोकला. रांगेतल्या लोकांनी तो वाचला आणि एकमेकांना कोपरानं ढोसलं. सेवेरोचा मुलगा मोठा मिस्कील!

"मिस्कील नाही मी!" अमादो दारात उभा राहून गरजला. "ऐका सगळे! भाकडकथा पुरे झाल्या. हे कुत्र्याचं खाणं आहे, शास्त्रानं बनवलेलं आहे, आणि कुत्रा हे आवडीनं खाईल. तोमासाकाकू, चाताला सोडा!"

चाताला सोडलं. रांग बाजूला होऊन गोल उभी राहिली. अमादोनं एक गरमागरम हाड निवडलं, गुडघ्यावर बसला आणि ते तिच्यापुढे फरशीवर ठेवलं. चार वर्षांचं शिक्षण फरशीवर पडलं होतं.

चाता आली. तिनं हाड एका बाजूनं हुंगलं, दुसऱ्या बाजूनं हुंगलं. मान वर करून अमादोकडे बघितलं, आजारी माणसाकडे बघतात तसं. मग ती मागे सरकली आणि रस्त्याकडे तोंड करून बसली.



"बघितलंत?" ओतिलिया म्हणाली. "मुकं जनावर, पण कळतं तिला. बोलियोचं उष्टं आहे ते. दुसऱ्याच्या घासाला तोंड नाही लावलं तिनं!"

रांगेतल्या सगळ्या टोप्या उतरल्या.

अमादो उठला. त्यानं ते हाड फरशीवरून उचललं, झाडलं, आणि सगळ्या गल्लीच्या डोळ्याला डोळा भिडवून कडाकडा चावून खाल्लं. अख्खं. शेवटचा तुकडा गिळायला जरा वेळ लागला, पण गिळला.

"उत्तम आहे," तो म्हणाला. "मला आवडतं. आणखी खाईन."

आणि त्यानं खरंच दुसरं उचललं.

रांगेतून कासियानोबाबांचा काळजीचा आवाज आला. "ओतिलिया, ही हाडं आवडीनं खाणारा जिवंत माणूस मी काही पाहिलेला नाही. पोराला जरा चिमटा काढून बघ गं."