खंडेनवमीचं इंजेक्शन

२०२३ सालची खंडेनवमी सोमवारी आली होती. जुळे सोलापुरातल्या गुरुशांतच्या फ्लॅटमध्ये त्या दिवशी जे घडलं, ते निव्वळ भक्तीपोटी घडलं. म्हणून तर कुणाला धड रागावताही आलं नाही.

गुरुशांत सरकारी कचेरीत कारकून. आतड्याच्या सुजेचं दुखणं त्याला चार वर्षं चिकटलेलं. सात रस्ता चौकापासून स्टेशनपर्यंतचं एकूण एक स्वच्छतागृह त्याला तोंडपाठ होतं. मुलीच्या, शिवानीच्या, लग्नाची बोलणी दोनदा मोडली ती याच पायी. ऐन बोलण्यात मुलीचा बाप तीन-तीनदा उठून जातो, म्हणजे याच्या मनात नसणार, असं समजून पाहुणे चहा पिऊन निघून गेले होते. खरं कारण सांगायची गुरुशांतला लाज वाटली.

मग एक चांगले डॉक्टर भेटले. ते म्हणाले, "तुमच्या शरीराचे राखणदार घरच्यांनाच बडवायला लागलेत. दर पंधरा दिवसांचं हे इंजेक्शन त्यांना आवरेल. पण ते इंजेक्शनलाही परकं समजून हुसकावतात, म्हणून जोडीला रोजची गोळी. ती त्यांना जरा सुस्त ठेवते. दोन्हीतलं एकही आपल्या मनानं सोडायचं नाही. ताप आला तर लगेच फोन, आणि रक्ततपासणी चुकवायची नाही."

या जोडगोळीनं सात महिन्यांत गुरुशांतला माणसांत आणलं. आता दसऱ्याला मोहोळला बोलणी ठरली होती. मुलगा नंदीश शिवानीनं स्वतःच पसंत केलेला.

"अप्पा, ह्या वेळी तुम्ही फक्त बसून राहा," ती म्हणाली होती. "बाकी मी बघते."

निघण्याआधी, दसऱ्याच्या सकाळीच इंजेक्शनची तारीख होती.

नवरात्रासाठी मंद्रूपहून गुरुशांतची शिवबाई आत्या आली होती. वय अठ्ठ्याहत्तर. तिच्या सासरी पिठाची गिरणी होती. खंडेनवमीला गिरणी बंद ठेवायची, पुसायची, पुजायची. वर्षभर राबणाऱ्या यंत्राला एक दिवस विसावा, हा तिच्या घरचा नेम. सोमवारी सकाळी गुरुशांत कचेरीतल्या पूजेला गेला, त्याची बायको सिद्धेश्वरी झेंडूची फुलं आणायला शिवानीला घेऊन बाहेर पडली, आणि आत्यानं घरावर नजर फिरवली. फ्रिज घरघरत होता.

दुपारी तिघं परतले तेव्हा फ्रिज बंद होता. दार सताड उघडं, आत लख्ख पुसलेलं, दारावर विभूतीची तीन बोटं. समोर पाटावर विळी, कात्री, पेचकस, गाडीची किल्ली, आणि मधोमध, समईला अगदी खेटून, इंजेक्शन. त्यालाही विभूती आणि एक फूल.

"आत्या, हे काय केलंस?"

"का? हत्यारच की ते. तू त्याच्यावरच लढतोयस न्हवं?"

"अगं, ते गार ठेवायचं असतं!"

"अय्यो! मग त्याच्यावर तसं लिवायचं की!"

"लिहिलंय. इंग्रजीत."

"मग मंद्रूपला इंग्रजीत कोन पुजा करतंय?"

सिद्धेश्वरीनं इंजेक्शनला हात लावला. ते चहाच्या कपासारखं लागलं. आपला फ्रिज गार व्हायला तास-दोन तास लागणार, म्हणून ती धावत शेजारच्या पंचाक्षरी मास्तरांकडे गेली. मास्तर तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले.

"काळजी सोडा वहिनी. ठेवतो मी."

संध्याकाळी ती आणायला गेली तर मास्तरांनी अभिमानानं वरचा बर्फाचा कप्पा उघडला. "लवकर गार व्हावं म्हणून मुद्दाम वर ठेवलं. बघा, कसं टणक झालंय!"

औषधवाल्यानं फोनवर सगळं ऐकून घेतलं. "आधी शेकलं, मग गोठवलं. आता फक्त तळायचं राहिलं. फेकून द्या. नवं पुण्याहून येईल, पण सण आहे, बुधवारी मिळेल."

गुरुशांतनं घाबरत डॉक्टरांना फोनवर विचारलं.

"एका दिवसानं काही बिघडत नाही. गोळी चालू ठेवा, बुधवारी इंजेक्शन घ्या."

"आनि गोळ्या दोन दिल्या तर?" आत्यानं मागून विचारलं.

"कोण आहे ते?" डॉक्टर म्हणाले. "त्यांना औषधांपासून लांब ठेवा."

डॉक्टर निर्धास्त होते, पण गुरुशांतचं पोट भीतीनंच गुरगुरू लागलं. मोहोळला तो सतरंजीवर दोन्ही हातांनी मांडी धरून बसला. आत्या शेजारी पहाऱ्याला. बोलणी सुरू झाली, आणि पाचव्या मिनिटाला कुणीतरी उठलं. गुरुशांत नव्हे, मुलाचे वडील चनबसप्पा.

ते आले, बसले, पुन्हा उठले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा शिवानीचा चेहरा उतरला.

"ह्यांच्या मनात न्हाय वाटतं," आत्या कुजबुजली.

गुरुशांतनं मात्र ती चाल ओळखली. अंग चोरून, घाई लपवत चालणं. चार वर्षं तो तसंच चालला होता. तो उठून मागच्या अंगणात गेला. चनबसप्पा भिंतीला टेकून घाम पुसत होते.

"किती दिवस झाले?" गुरुशांतनं हळूच विचारलं.

"कशाला?"

"रक्त पडतं का?"

चनबसप्पांनी आधी दाराकडे पाहिलं. "दीड वर्ष. घरात कुणाला ठाऊक न्हाय. तुमाला कसं कळलं?"

दोघं परतले ते अर्ध्या तासानं, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. सतरंजीवर सगळे श्वास रोखून बसलेले.

"काय मागितलं रं त्यांनी?" आत्यानं गुरुशांतचं मनगट धरलं.

"डॉक्टरांचा नंबर."

शिवानी आणि नंदीशचं लग्न वैशाखात झालं. दोघं पुण्यात असतात. आत्या पुढच्या वर्षी गेली. जाईपर्यंत तिनं मंद्रूपमध्ये घरोघर सांगितलं, की सोयरीक जमली ती आपल्या पूजेनं. पंचाक्षरी मास्तर अजूनही म्हणतात, की चूक फ्रिजच्या कंपनीची. चनबसप्पांनाही तपासण्या होऊन तेच इंजेक्शन आणि तीच गोळी लागली, आणि त्यांची तब्येत भरली. रोज संध्याकाळी आठ वाजता दोघे व्याही फोनवर पोटाचा दिवसभराचा हालहवाल तपशीलवार सांगतात. त्या वेळी सोलापुरात सिद्धेश्वरी आणि मोहोळमध्ये तिची विहीण आपापलं जेवणाचं ताट उचलून दुसऱ्या खोलीत जातात.