येऊ घातलेलं खोकं

जी वस्तू अजून तयारच झालेली नाही, तिच्यात एकही दोष नसतो. हे सत्य माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक असावं. नाहीतर लग्न ठरणं आणि लग्न होणं यांच्यात त्याने अंतर ठेवलं नसतं.

या सत्याचा पद्धतशीर अभ्यास करणारी एक संस्था आमच्या गल्लीच्या टोकाला, चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत भरते. तिचं नाव ‘आगामी गिटार-ध्वनियंत्र अनुमान मंडळ’. सदस्य चार: ज्यांची खोली ते चष्मेवाले, समोरचे दंतवैद्य, शाळेतले भूमितीचे मास्तर आणि आमचे हे. हे लिफ्ट तपासतात. (दिवसभर लोकांना मधेच अडकू न देणारा माणूस घरी आल्यावर स्वतः अडकून बसतो, यात मला काही विसंगती दिसत नाही. कुठेतरी तोल सांभाळावा लागतोच.) चौघेही गिटार वाजवतात. निदान वाजवत असत. मंडळ स्थापन झाल्यापासून त्यांना वेळ मिळत नाही.

ज्यांच्या घरात हा विषय अजून शिरलेला नाही अशा सुखी माणसांसाठी थोडी पार्श्वभूमी देते. विजेच्या गिटारला स्वतःचा आवाज फारसा नसतो. पूर्वी तिला कपाटाएवढा ॲम्प्लिफायर लागे. तो तापायचा, गुरगुरायचा, आणि उचलणाऱ्याच्या कंबरेचा कायमचा निकाल लावायचा. तापू नये, गुरगुरू नये म्हणून हुशार माणसांनी वर्षानुवर्षं डोकं घातलं. शेवटी तो तापायचा आणि गुरगुरायचा थांबला, तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की आपल्याला नेमकं तेच आवडत होतं. मग दुसऱ्या हुशार माणसांनी एक डिजिटल खोकं काढलं. ते शेकडो जुन्या ॲम्पची हुबेहूब नक्कल करतं, गुरगुरण्यासकट. त्याला मॉडेलर म्हणतात. जमिनीवर ठेवून पायाने त्याच्या गुंड्या दाबायच्या. दरवर्षी नवं खोकं येतं आणि ते गेल्या वर्षीच्या खोक्यापेक्षा जास्त जुनं वाटतं. प्रगती म्हणतात ती हीच.

ही खोकी बनवणाऱ्या मुख्य कंपन्या दोन. मंडळात त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतात, कारण दोघी एका घरातल्या जावांसारख्या वागतात. एकीने पातेल्यावर झाकण ठेवलं की दुसरीच्या पोटात गोळा येतो. दंतवैद्य आणि मास्तर थोरलीचे. चष्मेवाले आणि आमचे हे धाकटीचे. मतभेद इतके तीव्र, की दाढ दुखली तरी चष्मेवाले दुसऱ्या दंतवैद्याकडे जातात, आणि दंतवैद्य अजून जुन्याच नंबरचा चष्मा लावून लोकांच्या दाढा काढतात. याबद्दल एकाही पेशंटने तक्रार केलेली नाही. (तोंडात बोळा असतो.)

आता या सगळ्यात माझ्या सासूबाई कुठून आल्या, असं कोणी विचारील. त्या पहिल्यापासूनच होत्या.

सासूबाईंचा उजवा कान गेला होता आणि डावा निघण्याच्या बेतात होता. कानाच्या डॉक्टरांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, “जे ऐकायचं असेल ते आत्ताच ऐकून घ्या.” सासूबाईंनी शांतपणे विचार केला. बातम्या नकोत, त्याच त्याच असतात. नातेवाइकांचे फोन नकोत. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, “तुझं ते वाजवणं ऐकायचंय. तू स्वतः बसवलेलं. कॉलेजात असताना भिंतीपलीकडे वाजवायचास ते. या वेळेस मधे भिंत नको.”

यांचे डोळे भरून आले. माझेही आले. हे म्हणाले, “ऐकवतो ना, आई! असं ऐकवतो की... फक्त जरा थांब. नवं खोकं येतंय.”

“कधी?”

“कंपनी काही बोलत नाहीये. म्हणजे अगदी तोंडावर आलंय.”

या उत्तरात मंडळाची संपूर्ण पुराव्याची पद्धत सामावलेली आहे. कंपनी गप्प असेल, तर खोकं येणार आहे. कंपनीने नाही म्हटलं, तर लवकर येणार आहे. आणि कंपनीने ‘येणार आहे’ असं स्वतः जाहीर केलं, तर ते खरं खोकं नव्हे. खऱ्यावरून लक्ष हटवण्यासाठी काढलेलं आहे. या पद्धतीने मंडळाचा एकही अंदाज आजवर चुकलेला नाही. काही अंदाज अद्याप घडायचे आहेत, एवढंच.

सासूबाईंचा प्रश्न मंडळापुढे रीतसर मांडला गेला. मास्तरांनी फळ्यावर आलेख काढला. एक रेघ खोक्यांच्या आवाजाच्या दर्जाची, वर चढणारी. दुसरी सासूबाईंच्या कानाची, खाली उतरणारी. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात त्या क्षणी वाजवणं शास्त्रशुद्ध, असं त्यांनी सिद्ध केलं. त्याआधी वाजवलं तर कानाचा अपव्यय, नंतर वाजवलं तर खोक्याचा. फळा पाहून यांना फार धीर आला. घरी येऊन त्यांनी आईला तो हातवारे करून समजावला. सासूबाई म्हणाल्या, “कळलं. मी तुझ्या रेघेपर्यंत टिकायचं.”

इथे मंडळाच्या कामकाजाबद्दल चार शब्द लिहिणं माझं कर्तव्य आहे, कारण एवढ्या निष्ठेने केलेलं काम मी कुठल्याही कचेरीत पाहिलेलं नाही. कुठल्याशा प्रदर्शनात, कुणाच्या तरी खांद्यामागे, अर्ध्या टेबलावर एखादी काळी वस्तू दिसली, की तिचा फोटो भिंतीवर, डोळे तपासायच्या अक्षरांच्या पाटीशेजारी लागतो. सदस्य एकेक करून तपासणीच्या खुर्चीत बसतात. चष्मेवाले त्यांच्या नाकावर ती लोखंडी चौकट चढवून भिंगं बदलत जातात.

“आता स्पष्ट दिसतं, की आधी स्पष्ट होतं?”

“आधी.”

“आणि आता?”

“आता नऊ गुंड्या दिसतात.”

“मघाशी आठ होत्या!”

“म्हणजे नववी लपवलीय. लिहून घ्या.”

असं चाललेलं असताना एक दिवस सासूबाईंच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, म्हणून मी त्यांच्यासाठी पाय चेपायचं यंत्र बघायला दुकानात गेले. काळं, पसरट, जमिनीवर ठेवायचं, वर दोन रांगा गोल गोल उंचवट्यांच्या आणि मागे तारेसाठी भोक. यांना विचारावं म्हणून फोटो काढला. दुकानात गर्दी, कोणाचं तरी कोपर लागलं, फोटो हलला. आणि मी तो यांच्याऐवजी मंडळाच्या ग्रुपवर पाठवला. (मला त्या ग्रुपवर घेतलेलं आहे. चहा किती कप ते कळावं म्हणून.) खाली लिहिलं होतं, “हे घेऊ का?”

पुढे जे झालं त्याला मंडळाच्या इतिहासात ‘महाफोटो’ म्हणतात. मी घरी पोचायच्या आत फोटो खुर्चीसमोर लागला होता. गोल उंचवटे म्हणजे गुंड्या. दोन पावलांची जागा म्हणजे दोन वादक एकाच खोक्यावर, जगात प्रथमच. मास्तरांनी सावलीवरून उंची काढली आणि सावलीच्या तिरपेपणावरून कारखाना कोणत्या देशात असेल तेही काढलं. एरवी थोरलीच्या बाजूने जीव टाकणारे दंतवैद्य खाली बसले आणि म्हणाले, “धाकटीने मारलं आम्हाला.”

मी धावत गेले. म्हटलं, “अहो, ते पाय चेपायचं यंत्र आहे!”

हे माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहू लागले, की लग्नानंतर प्रथमच मला लाजायला झालं. “तसं वाटावं म्हणूनच तसं बनवलंय,” ते हळूच म्हणाले. “दुकान कुठलं होतं?”

संध्याकाळपर्यंत फोटो चार देशांतल्या अशाच मंडळांत फिरून आला, आणि दुसऱ्या दिवशी ‘विश्वसनीय सूत्रांकडून’ म्हणून आमच्याच मंडळात परत आला. त्यामुळे उरलीसुरली शंकाही फिटली. कोणीतरी थोरल्या कंपनीला विचारलं. तिने उत्तर दिलं, “आम्ही अफवांवर बोलत नाही.” धाकटीला विचारलं. ती म्हणाली, “हे यंत्र आमचं नाही.” दोघी एकाच दिवशी, एवढ्या सभ्यपणे बोलल्या म्हणजे नक्की हादरल्या आहेत, असा निष्कर्ष एकमताने निघाला.

याचा परिणाम असा झाला, की पुढल्या महिन्यात धाकटीने खरोखरच नवं खोकं बाजारात आणलं तेव्हा मंडळाने ते नाकारलं. ज्यासाठी एवढे दिवस डोळ्यांत तेल घालून बसले होते तेच ते, पण त्यात दोन पावलांची जागा नव्हती. “हे मधलं आहे,” हे म्हणाले. “आईला काय मधलं ऐकवू?” चष्मेवाल्यांनी तर महाफोटोतल्या खोक्यात काय काय उणिवा आहेत यावर सविस्तर परीक्षणही लिहिलं. ते वाचून मास्तरांचा भ्रमनिरास झाला आणि त्यांनी त्यानंतरच्या खोक्यासाठी थांबायचं ठरवलं. अशा रीतीने अस्तित्वात नसलेलं यंत्र आमच्या गल्लीत जुनंही झालं.

दरम्यान सासूबाईंचा डावा कान मास्तरांच्या रेघेला न जुमानता खाली चालला होता. मी त्यांना श्रवणयंत्राच्या दुकानात घेऊन गेले. विक्रेत्याने फार आपुलकीने सांगितलं, “आजी, आत्ताचं घेऊ नका. नवं मॉडेल येतंय. त्यात माणसाचा आवाज आणि भांड्यांचा आवाज वेगवेगळा येणार.” मी कपाळावर हात मारला. पण घरी हे उडालेच. “आई, थांबच! आधी तुझं यंत्र येऊ दे, मग माझं. नव्यातून नवं ऐकशील!” सासूबाईंना यातलं अर्धंच ऐकू आलं. अर्ध्यावरूनही त्यांनी बरोबर ताडलं, कारण मुलाचं तोंड त्या त्याच्या जन्मापासून वाचत आल्या आहेत. त्या मला म्हणाल्या, “अगं, याला सांग, माझं मॉडेल जुनंय. पुढचं येणार नाही.”

मी सांगितलं. हे कॅलेंडर उलटू लागले. मग म्हणाले, “एवढं वर्ष जाऊ दे.”

आणि एका सकाळी डावा कानही गेला. काही गाजावाजा नाही. दूध उतू जातंय म्हणून मी ओरडले आणि शेगडीशेजारी बसलेल्या सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

हे त्या दिवशी कामावर गेले नाहीत. मंडळातही गेले नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून फळ्यावरची रेघ हवेत बोटाने काढत होते, ती कुठेच कशाला छेदत नव्हती. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कोणतं वाक्य वाया जाणार हे बाईला आधीच कळतं.

त्याच आठवड्यात सासूबाईंची दाढ ठणकू लागली. दंतवैद्यांनी यंत्र लावलं, घर्रर्र सुरू झालं, आणि सासूबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. दंतवैद्यांना वाटलं दुखलं. बोळा काढल्यावर सासूबाई म्हणाल्या, “डॉक्टर, थांबलात का? किती दिवसांनी काहीतरी ऐकू आलं!”

दंतवैद्यांनी कागदावर लिहिलं: हाडातून जातं. काही कानांना बाहेरून पोचत नाही ते जबड्यातून पोचतं. आपल्या यंत्राचा आवाज ऐकून इतका आनंद झालेला पेशंट त्यांना पहिल्यांदाच भेटला होता; त्यांनी दाढेचे पैसे घेतले नाहीत आणि धावत मंडळ गाठलं.

सासूबाई धावल्या नाहीत. गाल सुजलेला, तशाच घरी आल्या आणि मुलाला म्हणाल्या, “गिटार काढ.”

“आई, पण खोकं...” यांनी हाताने चौकोन केला. मग नाही म्हणून हात हलवला. नुसतं लाकूड आहे, आवाज डासाएवढा, असं खुणांनी सांगायचा प्रयत्न केला. डासाची खूण फार चांगली जमली.

“आण तर.”

यांनी गिटार आणली. सासूबाई खुर्ची ओढून अगदी जवळ बसल्या आणि ज्या बाजूचा गाल सुजला नव्हता तिकडून हनुवटी गिटारच्या लाकडावर टेकवली. जणू झोपणारच आहेत. हे वाजवू लागले. मला पलंगाच्या कडेवरून जेमतेम टिंग टिंग ऐकू आलं.

सासूबाईंनी डोळे उघडले. “शी! सूर कोण लावणार?”

कितीतरी वर्षं जो माणूस आवाजाच्या दर्जाशिवाय दुसरं काही बोलला नाही, त्याच्या गिटारच्या सहाही तारा उतरलेल्या होत्या. त्यांनी खुंट्या पिळल्या. सासूबाई हनुवटी न उचलता सांगत होत्या, अजून, अजून, पुरे. मग पुन्हा सुरुवात झाली. दोन ओळी नीट गेल्या. तिसरीपाशी बोटं थांबली.

“पुढे?”

“विसरलो,” हे म्हणाले. ते काही सासूबाईंना ऐकू गेलं नाही. पण तारा गप्प झाल्या ते हाडाला कळलं. सासूबाईंनी डोळे मिटूनच पुढची ओळ गुणगुणायला घेतली, आणि तिच्या पुढचीही. रोज भिंतीपलीकडून ऐकलेलं पाठ होणारच. हे मागून मागून चाचपडत वाजवत गेले. चुकले की त्या हनुवटीने लाकडावर टक्क करायच्या. बोटांना फोड येईपर्यंत चाललं. मी चहा गाळून ठेवला होता, त्यावर साय आली.

मंडळाने मात्र त्या संध्याकाळी एक पाऊल पुढे टाकलं. ‘थेट हाडात ध्वनी’ या तंत्राचं खोकं थोरली आधी आणते की धाकटी, यावर उपसमिती नेमली गेली असून हनुवटी टेकवायला गादी असेल की नाही हा प्रश्न विचाराधीन आहे.

ही हकीकत मी आतापर्यंत बऱ्याच जणांना सांगितली आहे. सगळे सुस्कारा सोडतात, डोळे पुसतात, आणि मग थोडं थांबून तुमच्या मनात आत्ता आहे तोच प्रश्न विचारतात: धाकटीने आणलेलं ते खोकं नेमकं कुठलं? नाव मी मुद्दामच लिहिलेलं नाही. लिहिलं असतं, तर तुम्ही आधी ते शोधून पाहिलं असतं, त्याहून चांगलं कधी येतंय याची चौकशी केली असती, आणि आईला फोन नंतर केला असता.