गाडीच्या नाकात खोबरेल

वामनदादा परबाने आपल्या पिकअपच्या नाकात खोबरेल तेल घातलं, ही अफवा नाही. बाटली मीच धरली होती.

आता गाडीला नाक कुठून आलं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. आमच्या नायगावच्या बीडीडी चाळीखाली दादाची सीएनजीवरची जुनी पिकअप उभी असते. तिचा रंग मुळात पांढरा होता म्हणतात, पण तो पाहिलेला माणूस आता हयात नाही. तिच्या धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर नावाची अंगठ्याएवढी एक खुंटी असते. ती बाहेर पडणारा धूर हुंगते आणि इंजिनाला सांगते, बाबा रे, जास्त पितोयस. ती बिघडली की गाडी वाट्टेल तेवढं पिते, आचके देते, आणि स्टिअरिंगसमोर पिवळा दिवा पेटतो.

"म्हणजे नाकच ना रे ते?" दादा म्हणाला. "एवढा शिकलास, आणि नाक ओळखता येत नाय?"

दादा गिरणीत जॉबर, म्हणजे यंत्रं चालती ठेवणारा मुकादम, होता. संप झाला, गिरणी गेली, तिच्या जागी काचेचा टॉवर आला, पण दादातल्या जॉबरला कोणी घरी बसवू शकलं नाही. संपानंतर त्याने लग्नाच्या मंडपांचं सामान वाहून संसार केला. बायको गेली, मुलगा दुबईला गेला. गाडी तेवढी राहिली. ती मेकॅनिककडे नेणं त्याला दुसऱ्याच्या गालावर आपली दाढी करून घेण्याइतकं चुकीचं वाटतं. "जॉबर आहे मी," हे त्याचं शेवटचं वाक्य. त्यापुढे वाद नाही.

तर त्या दिवसांत गाडी अशी खोकायची, की पार परळच्या कबुतरांनी बिऱ्हाडं हलवली.

बिऱ्हाडं आमचीही हलायचीच होती. चाळ पाडून नवी बांधणार, म्हणून सगळ्यांनी खोल्या सोडायच्या. आमच्या मजल्यावरून पहिला निघणार होता गणपत कांबळे, दादाच्या समोरच्या खोलीतला, गिरणीतला त्याचा जोडीदार. संपात दोघांनी एका कपातला चहा अर्धा-अर्धा प्यायला होता, शिव्या मात्र एकमेकांना पूर्ण दिल्या होत्या. गणपत आता लेकीकडे बदलापूरला चालला होता.

"सामान माझ्या गाडीतून जाणार," दादाने बजावलं. "भाड्याचा टेम्पो आणलास तर हवा सोडीन. टेम्पोची नाय, तुझी."

"तुझी गाडी बदलापूरपर्यंत जाईल?"

"नाक नवीन बसलं की काश्मीरला जाईल."

"मला बदलापूरलाच उतरव," गणपत म्हणाला आणि त्याने वळकटी बांधून दारात ठेवली.

दादा कामाला लागला. आधी गाडी थोडी चालू ठेवून नळी कोमट केली, म्हणजे गंजलेला सेन्सर सैल होतो. सेन्सरच्या शेपटीला वायर, त्यामुळे पाना चढेना; दादाने करवतीने पान्यालाच फट पाडली. मग तो गाडीखाली शिरला. सेन्सर सुटला तेव्हा असा आवाज झाला, की शेजारच्या पोलीस क्वार्टर्समधले हवालदार अर्धी दाढी घेऊन बाहेर आले.

नवा सेन्सर पुड्यातून निघाला. गिरणीतल्या माणसाच्या हातून नवा भाग हळदकुंकवावाचून यंत्रात जात नाही. दादाने खुंटीला हळदकुंकू वाहिलं, मग मला खोबरेलाची बाटली धरायला लावली.

"दादा, दुकानदार म्हणाला होता, टोकाला बोटसुद्धा लावू नका."

"त्याचं नाक कधी सुकलं नसेल. आमच्या गावाक नाक सुकला की दोन थेंब खोबरेल. जॉबर आहे मी."

गाडी सुरू झाली. चाळभर भाजल्या खोबऱ्याचा वास सुटला. वरून कोणीतरी विचारलं, "मटणाचं वाटण कुणाकडे चाललंय गो?" पिवळा दिवा ढिम्म. नाक बसवल्या बसवल्या मेलं होतं.

दादाने मुकाट्याने दुसरा सेन्सर आणला आणि कोरडाच बसवला. तरी गाडी बरी होईना. आज म्हणे वायर सैल, उद्या बॅटरी रुसली, परवा अमावास्या. मग म्हणे नळीत शेवटाकडे आणखी एक सेन्सर असतो, मागचं नाक, तेही चोंदलंय. तेही बदललं. तिकडे गणपतची लेक रोज फोन करायची, "बाबा, मी टेम्पो पाठवते." आणि गणपत म्हणायचा, "नको गं, वामनला वाईट वाटेल."

एका सकाळी मी दूध आणायला खाली उतरलो. दादा गाडीत एकटाच बसला होता. त्याने चावी फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. पिवळा दिवा पेटला आणि शहाण्यासारखा विझला. ना आचका, ना खोकला. दादा स्टिअरिंगवर हात ठेवून थोडा वेळ ऐकत राहिला. मग त्याने गाडी बंद केली, खाली उतरला, बॉनेट उघडलं आणि सेन्सरच्या वायरचा जोड अलगद सोडवला. वळला तर समोर मी.

"वर कुणाला बोलू नको," तो म्हणाला. दादाला इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"दादा, खोल्या तर सोडायच्याच आहेत ना?"

"सोडायच्या रे. आज नको."

वर खिडकीत गणपत उभा होता, तोंडात ब्रश. गिरणीत आयुष्य गेलेल्या माणसाला नीट चाललेलं यंत्र झोपेतही ओळखू येतं. त्याने ब्रश काढला आणि खाली वाकला.

"काय वामन, नाय झाली ना सुरू?"

"नाय रे."

"मग घाई करू नको. सगळं परत खोल."

दूध घेऊन मी वर आलो. गणपतच्या दारातली वळकटी सुटली होती, गादी पुन्हा खाटेवर पसरली होती. तो फोनवर लेकीशी बोलत होता.

"नाय गं बाळा, गाडी फारच बिघडलीय. आणि तो एकटाच आहे इथे. असा टाकून कसा येऊ?"