हाताची घडी, तोंडावर बोट

सुट्टीच्या पहिल्या दिवशी बाईंना एकच गोष्ट हवी होती. दुसऱ्या कुणीतरी केलेलं गरम जेवण आणि ते संपेपर्यंत शांतता. गेली एकवीस वर्षं त्या शिशुवर्ग सांभाळत होत्या. वर्गात अडतीस मुलं. मधल्या सुट्टीत अडतीस डब्यांची झाकणं उघडून द्यायची, सांडलेलं पुसायचं, कुणाच्या तरी नाकात गेलेला वाटाणा काढायचा आणि मग स्वतःचा डबा उघडायचा. तोवर त्यातल्या भाजीने मान टाकलेली असायची.

त्यांचे यजमान चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचे. एका गिऱ्हाइकाकडून ते पत्ता घेऊनच आले.

"जपानी हॉटेल आहे. हिबाची म्हणतात. टेबलालाच भला मोठा तवा असतो, आचारी आपल्यासमोर बनवतो. तव्यावरून थेट ताटात! याहून गरम तुला कुठे मिळणार?"

"शांत आहे का पण?"

"जपानी आहे म्हटल्यावर शांतच असणार."

बाई इतक्या दमल्या होत्या की त्यांनी हे मान्य केलं.

हॉटेलात गेल्यावर कळलं की टेबल आठ जणांचं असतं. मध्ये तवा, तीन बाजूंना खुर्च्या. दोघं बसली. सहा खुर्च्या रिकाम्या.

"आठ जण झाले की सुरू करतात," ऑर्डर घेणारी मुलगी म्हणाली.

"बाकीचे सहा कोण?" यजमानांनी विचारलं.

"येतील की कुणीतरी."

पंचवीस मिनिटांनी ते कुणीतरी आले. पाणीपुरवठा ऑफिसातली सहा माणसं. त्यांचे हेडक्लार्क आज निवृत्त होत होते, त्यांना ही मेजवानी होती. हेडक्लार्क हातात चकचकीत कागदातला पुष्पगुच्छ धरून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. उरलेले पाच जण इतक्या मोठ्याने बोलत होते की, निवृत्तीचा आनंद नक्की कुणाला झालाय ते कळेना. सगळ्यांत मोठा आवाज तरण्याबांड सबइंजिनीअरचा.

मग आचारी आला. पंचेचाळिशीचा, डोक्यावर उंच लाल टोपी, टोपीखालून घामाचा ओघळ. त्याने दोन उलथनी एकमेकांवर आपटली आणि ओरडला, "काऽऽय मंडळी, कसे आहात?"

बाईंनी चमकून वर पाहिलं. हा सूर त्यांच्या ओळखीचा होता. रोज सकाळी साडेसातला त्या स्वतः याच सुरात ओरडायच्या.

"आवाज नाही आला! पुन्हा एकदा, काऽऽय मंडळी?"

"अहो," बाई पुटपुटल्या, "हा तर माझाच वर्ग घेतोय."

"थांब गं, आता वाढेल."

पण तो वाढेना. त्याने आधी टाळ्यांचा सराव घेतला. मग कांद्याच्या चकत्या रचून डोंगर केला, त्यात तेल ओतून जाळ काढला. त्याच्या टाळ्या. मग अंडं उडवून टोपीत झेललं. त्याच्या टाळ्या. बाईंनी सवयीने दोन्हीला टाळ्या वाजवल्या आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

"आता सगळ्यांनी आऽऽ करा!" आचाऱ्याने फर्मावलं आणि उलथन्याच्या टोकाने गाजराचे तुकडे एकेकाच्या तोंडाकडे उडवायला सुरुवात केली. यजमानांचा तुकडा त्यांच्या चष्म्यावर बसला. हेडक्लार्कांचा कॉलरमधून आत गेला. ते बिचारे नुसते किंचित वाकडे झाले. सबइंजिनीअरने आपला तुकडा झेलला आणि त्याला चेव आला.

"काका, तुम्ही आऽऽ करा!" म्हणत त्याने दुसरा तुकडा आचाऱ्याकडेच भिरकावला. मग त्याच्या शेजारच्या टायपिस्टबाईंनी त्याच्याकडे. मग कोण कुणाला मारतंय याचा हिशेब राहिला नाही. आचारी "अहो, नको, नको" म्हणत गाजरं चुकवत होता, तेवढ्यात सबइंजिनीअरने तेलाची बाटली उचलली.

"आता जाळ मी काढणार!"

त्याने बाटली दाबली. जाळ त्याच्या भुवयांपर्यंत आला. तो दचकून मागे सरला, त्याचं कोपर हेडक्लार्कांना लागलं, त्यांच्या हातातला पुष्पगुच्छ तव्याच्या कडेला पडला आणि चकचकीत कागदाने पेट घेतला. किंकाळ्या फुटल्या. यजमान चष्म्यावरचं गाजर पुसत "काय झालं, काय झालं" विचारत राहिले.

बाई उठल्या. त्यांनी गुच्छ खाली ओढून पाण्याचा अख्खा जग त्याच्यावर उपडा केला. आणि मग त्यांच्या तोंडून तो आवाज निघाला, जो सुट्टीत काढायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

"हाताची घडी! तोंडावर बोट!"

सहाही जणांनी हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. यजमानांनीही. आचाऱ्याने उलथनी खाली ठेवून घडी घातली. पलीकडच्या टेबलावरची चार माणसं याच अवस्थेत दिसली आणि पाण्याचे ग्लास घेऊन निघालेली ती मुलगी जागच्या जागी थांबली.

"आता एकही आवाज नको," बाई म्हणाल्या. "दादा, तुम्ही वाढा. उडवायचं नाही."

आचाऱ्याने मुकाट्याने भात परतला, कोळंबी आणि भाज्या भाजल्या आणि आठ ताटं भरली. बाईंच्या समोर ताट ठेवताना तो हळूच म्हणाला, "बाई, दिवसाला सात खेळ करतो मी. आज पहिल्यांदाच कुणी घडी घालायला सांगितली. खांद्यांना फार बरं वाटलं."

ताटातून वाफा निघत होत्या. टाचणी पडली तरी ऐकू आली असती. बाईंनी पहिला घास उचलला.

तेवढ्यात कोपऱ्यात एक हात वर झाला. हेडक्लार्क.

"बाई, मी बोलू?"

"बोला," बाई म्हणाल्या. एकवीस वर्षांची सवय, जीभ विचारून थोडीच हलते.

हेडक्लार्क उभे राहिले आणि त्यांनी खिशातून कागद काढले. पाठपोट लिहिलेले सहा कागद. "मी भाषण लिहून आणलं होतं. ऑफिसात सगळ्यांना घाई होती. इथे, म्हणजे... आवाज होता. आता शांतता झाली आहे तर वाचतो. चौतीस वर्षांपूर्वी मी पंपहाउसवर रुजू झालो..."

बाईंनी घास खाली ठेवला. मूल उभं राहून बोलत असताना त्यांनी कधी तोंडात घास घातला नव्हता. बाई खात नाहीत म्हटल्यावर कुणीच खाईना. पंपहाउसनंतर टाकीवरचं ऑफिस आलं. मग पहिली बदली. मग एकदा मुख्य व्हॉल्व्ह फुटला, तेव्हाचे पूर्ण दोन कागद. ताटातल्या वाफा विरळ झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. सबइंजिनीअरने कोळंबीकडे हात नेला. बाईंनी नुसतं बघितलं. हात मागे गेला.

"अगं, गार होतंय," यजमान कुजबुजले. "थांबव ना त्यांना."

बाईंनी हेडक्लार्कांकडे पाहिलं. ते एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होते.

"कसं थांबवू?" त्या म्हणाल्या.

तिसऱ्या बदलीपाशी हेडक्लार्क अडले. "तिथे आमची ही पण बरोबर होती," एवढंच वाचलं आणि पुढची ओळ त्यांना दिसेना. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग सबइंजिनीअरनेच आपला रुमाल काढून त्यांच्यासमोर ठेवला आणि खाली मान घालून बसला.

आचाऱ्याने सगळ्यांच्या ताटांकडे एकदा पाहिलं. काही न विचारता त्याने एकेक ताट उचललं, सगळ्यांचा भात, सगळ्यांची कोळंबी तव्यावर ओढली. आठ ढीग, एकमेकांत न मिसळता. ना जाळ, ना टाळ्या. नुसतं चर्र झालं आणि पुन्हा वाफा आल्या. त्याने पहिलं ताट बाईंच्या पुढे सरकवलं.

बाईंनी घास घेतला. जीभ भाजली. डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं.

हेडक्लार्क कागद चाळत होते. "मी... कुठवर आलो होतो?"

"तिसऱ्या बदलीवर," बाई भरल्या तोंडाने म्हणाल्या. "बसून वाचा. आम्ही जेवता जेवता ऐकतो."