कितवी आली?

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सोयाबीनवरच्या अळ्यांच्या प्रबंधाला पुठ्ठे चढवणं. तेही भांडत. हे शेवटचं आहे असं कुणी आधी सांगितलं असतं, तरी भांडलो असतोच. बाई होतीच तशी.

बाई म्हणजे माझी बायको, कुसुम. टावर चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं बाइंडिंगचं दुकान, वर घर. विद्यापीठाचे लोक पीएच.डी.चे जाडजूड प्रबंध घेऊन येतात. आम्ही ते शिवतो, काळं रेग्झिन चढवतो, वर सोनेरी अक्षरं ठोकतो. मी चौथीत शाळा सोडली. पितळी टाइप उलटा जुळवावा लागतो, म्हणून मला उलटी अक्षरं सुलट्यांपेक्षा लवकर वाचता येतात. ही सातवी पास. दुकानातली विद्वान तीच.

तिची खोड अशी की प्रबंध हातात आला की विषय बघायची नाही, थेट आभाराचं पान काढायची. बोट ठेवून एकेक नाव मोजायची. मग समोरच्या होणाऱ्या डॉक्टरला चष्म्यावरून विचारायची, "कितवी आली?"

"कौन, अम्माजी?"

"घरवाली तुझी. कितवी आली?"

पहिल्या तिनात आली तर पास. टायपिंग करणाऱ्याच्या नंतर आली तर नापास. नसलीच, तर त्या माणसाला बसायला स्टूल मिळायचं नाही. लग्न झालेलं नसेल तर आई चालायची. पोरींना माफी होती, त्यांना फक्त विचारायची, "जेवलीस का?" आणि नापास केलेल्याला सोडायच्या आधी एक हमखास, "नाव तरी सांग तिचं."

इंग्रजी प्रबंध आला की मला वाटायचं, सुटलो. कुठलं! गल्लीतून जाणारी कॉलेजची पोरगी आत ओढून तिच्याकडून वाचून घ्यायची. एकदा एकानं बायको पहिल्या नंबरावर लिहिली होती. हिनं खूश होऊन त्याला वरून शेव घालून पोहे आणून दिले. नंतर कळलं, त्याचा गाइडच त्याचा सासरा. मी हसलो. ही म्हणाली, "का असेना. पास."

गिऱ्हाइकं तुटायची माझी. पण खरं सांगू, मलाही राग यायचा. काय काय निघतं त्या विद्यापीठातून! क्षिप्रेच्या पाण्यातले जंतू. भैरूगढच्या कापडछाप्याचे रंग. बुडालेल्या पतपेढ्या. एकानं सूर्यावरचे डाग मोजले होते. इतक्या लांबचे डाग दिसतात, आणि त्याला रात्रंदिवस डबा करून देणारं माणूस दिसत नाही? गाइडचे पाय धरलेले, गाइडच्या बायकोच्या चहाचे आभार, महाकालाचे आभार. महाकालाला काय करायचेत आभार? त्याला गर्दी कमी आहे का?

एका पंडितानं तर संस्कृतातल्या 'च'वर चारशे पानं लिहिली होती. 'च' म्हणजे 'आणि'. ही चवताळली. "'आणि'वर चारशे पानं! आणि 'आणि बायको' एवढं लिहायला जागा नाही?" पंडित शहाणा, विचारल्याबरोबर बायकोचं नाव सांगून मोकळा झाला. त्याची एक प्रत माझ्या हातून बिघडली, नाव वाकडं उमटलं. ती अजून दुकानात पडून आहे.

तर अळ्या. आगरचा एक मास्तर देवास गेटला बसमधून उतरून आला, बरोबर बायको. कागदांची थैली तिच्याच खांद्यावर. पाच प्रती, चार विद्यापीठाला, एक घरी ठेवायला. जमा करायची तारीख दुसऱ्या दिवशीची. मास्तर झेरॉक्सला गेला तेवढ्यात हिनं त्या बाईला बोलतं केलं. ती म्हणाली, "इल्लियाँ तो हमने ही पाली हैं, अम्मा. ये कॉलेज जाते थे, हम बरनी में पत्ते डालते थे. दो बरसात. एक भी नहीं मरने दी."

"नाव काय गं तुझं?"

"ममता."

मास्तर आला. आभाराचं पान निघालं. गाइड होता, लॅबवाले होते, मोटरसायकल देणारे मामाजीसुद्धा होते. ममता नव्हती.

"नापास," ही म्हणाली. "मी नाही अस्तर लावणार."

मास्तर हसला. "अम्माजी, घर की बात है. घरवालों का क्या आभार?"

"मग अळ्या बाहेरच्यांकडून पाळून घ्यायच्या होत्या!"

ममता थैलीचा बंद बोटाला गुंडाळत खाली बघत होती. मास्तरनं पान बदलायला साफ नकार दिला. मी मध्ये पडलो. म्हटलं, "तू काय विद्यापीठ आहेस? त्याची तारीख आहे उद्याची. सकाळी येऊन घेऊन जा, मास्तर." ते दोघं धर्मशाळेत गेले, आणि आम्ही दोघं दुपारभर एकमेकांवर ओरडत शिवत बसलो.

मग अचानक ही म्हणाली, "बरं. द्या इकडे. लावते अस्तर."

अस्तर म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लेईनं, म्हणजे खळीनं, चिकटवायचा कोरा कागद. ते काम कायम तिचं. भिंतीकडे तोंड करून बसायची, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, आणि एकेका अस्तराला इतका वेळ लावायची की मी वैतागायचो. त्या दिवशीही म्हणालो, "लेई लावून राहिली की रांगोळी काढून राहिली?"

"तुमचं तुम्ही बघा," म्हणाली. हेच शेवटचं बोलणं.

प्रती शिकंज्यात दाबून मी स्क्रू आवळला. ती वर चहा टाकायला गेली. मी वर पोचलो तेव्हा चहा उतू गेला होता आणि ही ओट्याखाली पडली होती. डॉक्टर म्हणाला, हृदय. सकाळपासून सगळी गल्ली डोक्यावर घेणाऱ्या बाईचं हृदय कमजोर होतं, हे मला कुणी सांगायला नको? तिनं तरी?

दिवस मावळला होता, म्हणून न्यायचं सकाळी ठरलं. उजाडताच मी खाली जाऊन शटर उचललं. धाकटा भाऊ जिन्यावरून ओरडला, "दादा, घरात मयत आहे आणि तू दुकान उघडून राहिला? लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांग, मास्तरची तारीख आहे."

शिकंजा सैल केला. चार प्रती ठीक होत्या. पाचवीचं अस्तर एका कोपऱ्यात सुटलं होतं. पुन्हा चिकटवायला म्हणून उचललं, तर खाली पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं, तिच्या गोल सातवी पास अक्षरात लिहिलेलं: इल्ल्या ममतानं पाळल्या. दोन पावसाळे.

मी तसाच उठलो. पंडिताची ती बिघडलेली प्रत काढली, ओलं फडकं फिरवून अस्तर सोलून काढलं. खाली दोनच शब्द होते. आणि विमला.

विद्यापीठाच्या लायब्ररीत आमचे काळे प्रबंध रांगेनं उभे आहेत. त्यांतल्या किती नापासांच्या अस्तराखाली हिनं कोण कोण लिहून ठेवलंय, देव जाणे. इतका संताप आला मला तिचा! अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं भांडायची, आणि लिहायचं तेवढं लेईखाली? ते कुणी वाचायचं? झुरळांनी?

हीटर लावला. पितळेचे टाइप काढले. म, म, ता. उलटे जुळवले, तापवले, सोनेरी पन्नी ठेवली आणि पाचव्या प्रतीवर दाबले. सगळ्यात वर, मास्तरच्या नावाच्या वर, विषयाच्याही वर. अक्षर सरळ आलं.

दोघं आले. मास्तरनं आधी ते बघितलं, मग मला. "ये क्या कर दिया, दादाजी?"

"ही घरी ठेवायची प्रत आहे. घर की बात है."

त्याला काही बोलू दिलं नाही. प्रत ममताच्या हातात दिली. तिनं नावावरून बोट फिरवलं, मग पदराला पुसून पुन्हा फिरवलं. विचारलं, "अम्मा कहाँ हैं?" मी वर बोट दाखवलं. तिला वाटलं, स्वयंपाकघरात.

शटर पाडून वर गेलो. चौघं उचलायला वाकलेच होते. म्हटलं, थांबा जरा. गुडघे टेकून बसलो, आणि तिच्या कानाशी सांगितलं, "पहिली आली."